वैशाख सरायच्या आत ये

कोल्हापूर

प्रिय भावा,

बॅग अजून उंबऱ्यातच पडलीय, पण आधी तुला लिहायला बसलो. पणजीला जाऊन आलो, आणि तिथं सारखी तुझी आठवण येत होती.

आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरलो. सकाळी चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या चढून आलो. जागा १५४१ ची, आताची इमारत सतराव्या शतकातली. मग फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या बोळांतून नुसता हिंडलो. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लाल कौलं, अरुंद सज्जे. एका दारात आजी बसल्या होत्या. कोल्हापूरचा म्हटल्यावर "अंबाबाईच्या गावचा!" म्हणत त्यांनी आत बोलावून पाणी दिलं.

जेवलो साध्या खाणावळीत. भात, हुमण म्हणजे नारळातलं माशाचं कालवण, सुक्या तिसऱ्या, रवा लावून तळलेला इस्वण. आपल्या जिभेला तांबड्या रश्श्याची सवय, ती पहिल्या घासाला तिखटच शोधते. हुमणात तिखट मागं राहतं. आधी नारळ, मग कोकमाचा आंबटपणा, आणि शेवटी तिरफळ, जिभेच्या शेंड्याला मुंग्या आणणारं. दुसऱ्या वाटीला माझं बोलणंच थांबलं. सोलकढी पिताना पांढरा रस्सा आठवला. नारळाचं दूध दोन्हीकडं तेच.

पण हे पत्र हुर्राकासाठी आहे, काजूच्या बोंडांच्या दारूसाठी. ओळखीतून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या बागेत गेलो. बोंडू तिथं तोडत नाहीत, पिकून खाली पडेल तेच गोळा करतात. बी काढायची, बोंडं तुडवायची, रस दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि भट्टीवर चढवायचा. भट्टीपाशी उभा राहिलो आणि थेट आपल्या गुऱ्हाळात पोचलो बघ. तसाच जाळ, तसंच डोळ्यात तेल घालून बसलेलं माणूस. फक्त आपण वाफ सोडून देतो आणि काहिलीत उरतं त्याचा गूळ करतो; ते वाफच धरतात, गार करून भांड्यात उतरवतात. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक. तो पुन्हा चढवला की फेणी.

बागेतल्या काकांनी दोन्ही चाखायला दिल्या. आधी वास घे, मग घोट जिभेवर फिरव, म्हणाले. फेणी कडक, घशात ऊब ठेवून जाते. हुर्राक हलका, पिकल्या बोंडाचा वास जसाच्या तसा. त्यात लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. माझा जीव त्याच्यावरच जडला. काकांनी फेणीला २००९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं अभिमानानं सांगितलं, मी आपल्या गुळाच्या २०१४ च्या मानांकनाचं.

फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते. हुर्राक म्हणजे आपल्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध, तिथंच आणि तेव्हाच. पाऊस लागला की भट्ट्या बंद.

तीन वर्षं तू "दिवाळीत बघू" म्हणतोयस. दिवाळीत फेणी मिळेल, हुर्राक नाही. वैशाखातला एखादा शनिवार कळव. पहाटे पाचला निघू, आजऱ्यात चहा घेऊ, मुक्काम तिकडंच करू. काकांना गुळाची ढेप कबूल करून आलोय. ती तुझ्या घरची आण.

तुझाच,
मित्र