लाल टाक्याबद्दल, काका

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

खरं तर हे सगळं तुमच्या दारात उभं राहून बोलायला हवं होतं. पण माझं असं आहे की आभार मानायची वेळ आली की मी हवापाण्यावर बोलायला लागते. परवाही तेच झालं. तुम्ही दिलेली पिशवी हातात, घसा भरून आलेला, आणि तोंडातून निघालं काय, तर "टँकर आला का हो आज?" तुम्ही "आला, अर्धाच" म्हणालात आणि जिना चढून गेलात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. काकू वाचून दाखवतीलच.

मार्चपासून आपल्या सोसायटीत पाइपने गाड्या धुवायला बंदी आहे. बरोबरच आहे, प्यायचं पाणी विकत घ्यायचं आणि गाडीवर ओतायचं, याला काही अर्थ नाही. बंगळुरूत २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावला होता, आपल्याकडे फक्त नोटीस लागली. पण माझी गाडी काळी. काळी गाडी घेऊ नको असं आई, मैत्रिणी, ऑफिसचा ड्रायव्हर सगळे सांगत होते. मी घेतली. सात वर्षांचे हप्ते, त्यातलं हे दुसरं वर्ष.

मग रिन्सलेस वॉशचं निळं द्रावण आणलं. एक भाग द्रावण, २५६ भाग पाणी. या २५६ चं मला कोडंच पडलं होतं, मग कळलं की अमेरिकेत एक औंस द्रावण दोन गॅलन पाण्यात टाकतात, त्याचा तो हिशोब. आपल्या १० लिटरच्या बादलीला ४० मिली धरा. एका बादलीत गाडी, वरून पाणी मारायचं नाही. मला वाटलं, झालं काम. द्रावण चांगलं असलं की पुसायला काहीही चालेल.

आणि इथेच मी फसले. कुणी फसवलं, त्यांचं नाव लिहीत नाही, पण लिहायचा मोह होतोय. गाडीच्या सामानाच्या एका चकाचक दुकानात मी साधा प्रश्न विचारला होता, की धुवायला कुठलं कापड आणि कोरडं करायला कुठलं. काउंटरमागचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." मिस्टर नाहीत म्हटल्यावर "मग माणूस ठेवा." शेवटी सहा करडे मायक्रोफायबरचे टॉवेल गळ्यात मारले. पाकिटावर छापलं होतं ८०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ८०० ग्रॅम. वर पाणी टिपायची एक पिवळी गुळगुळीत शॅमी, "ही फिरवली की आरसा". आरसा झालाच, तडा गेलेला. महिनाभरात बॉनेटवर उन्हात बघावं तर गोल गोल चऱ्यांचं जाळं. त्याच दुकानात दाखवायला गेले तर उत्तर तयार होतं: पॉलिश करून घ्या, साडेचार हजार.

त्या रविवारी पार्किंगमध्ये मी सोलापूरहून आणलेल्या कोऱ्या टॉवेलने छत कोरडं करत होते. माहेरचा टॉवेल, याहून मऊ जगात काय असणार? तुम्ही दुधाची पिशवी घेऊन चालला होतात. थांबलात. "पोरी, सोलापूरचा टॉवेल माणसाच्या अंगासाठी हाय. पत्र्यासाठी न्हवं." मला राग आला होता, आज कबूल करते. इचलकरंजीच्या माणसाने सोलापूरकरणीला टॉवेल शिकवावा! पण तुम्ही टॉवेलची किनार दोन बोटांत धरून माझ्या मनगटावरून ओढलीत आणि मी गप्प झाले. मधली लव मऊ, किनार करवतीसारखी. शिवाय बोअरच्या पाण्याने दोन धुण्यांत सुती टॉवेल पापडासारखा होतो, हे आमच्या घरी रोज दिसतं. मला ते गाडीच्या संदर्भात कधी सुचलंच नव्हतं.

तेव्हा कळलं की तुम्ही ३४ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारे, होतात. खाली खुर्ची टाकून बसलात आणि माझे ते करडे टॉवेल एकेक हातात घेतलेत. ८०० जीएसएम वाचून हसलात. काकूंचा केकचा वजनकाटा मागवलात. टॉवेल ४० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.१६ चौरस मीटर. खरंच ८०० असतं तर १२८ ग्रॅम भरायला हवं. भरलं ५०. म्हणजे जेमतेम ३१२. मी चिडून ते टॉवेल कचऱ्यात टाकायला निघाले, तर तुम्ही हात धरलात. "तीनशे वाईट न्हाई. खोटं वाईट. धुवायला हेच बरं, पानी धरतंय आनि पिळायला सोपं."

मग तुम्ही तुमचा तळहात त्या कापडावरून फिरवलात. मागावर घट्टे पडलेला हात. कापड हाताच्या भेगांना अडकत होतं, तेच तुम्हाला हवं होतं. पॉलिएस्टर आणि नायलॉनचा धागा नीट चिरलेला असला तरच तो असा अडकतो, पाणी पितो, आणि धूळ पत्र्यावर न घासता लवेत ओढून घेतो. नुसता गुळगुळीत सरकला तर ते कापड पाणी पुढे ढकलत बसतं. शॅमीला तर लवच नाही, चुकून राहिलेला वाळूचा कण तिच्या आणि रंगाच्या मध्ये दळला जातो. एवढी गोष्ट दुकानदाराला सांगता आली नसती? दोन मिनिटं लागली तुम्हाला.

कोरडं करायचा टॉवेल आणायला तुम्ही माझ्याबरोबर आलात, काटा कापडी पिशवीत घालून. दुसरं दुकान, नाना पेठेतलं, पोरगेलासा मालक. आधी तो हसला, मग स्वतःच एकेक टॉवेल काट्यावर ठेवायला लागला. पिळदार लूपचा, ४० बाय ६० चा, १,००० छापलेला. भरला २३६ ग्रॅम. तुम्ही मान डोलावलीत. त्या पोराचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा.

धुण्याची पद्धत इथे उगाळत नाही, माझ्या लक्षात आहे. सहाही टॉवेल बादलीत, प्रत्येकाच्या आठ घड्या, एक बाजू एकदाच, मळलेलं कापड परत बादलीत नाही. घडी घालणं तुम्ही मला तीनदा करायला लावलंत. पावसाळ्यात चिखल थापलेला असेल तर हा उद्योग करायचाच नाही, आधी पाण्याचा जोर हवा, हेही तुम्हीच बजावलंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलता बोलता मी तुम्हाला माझी मूर्खपणाची गोष्ट सांगितली होती. सहाही टॉवेल एकाच करड्या रंगाचे. ज्याने दारांखालचा पत्रा आणि चाकांजवळचा भाग पुसला, तोच धुऊन वाळवून पुढच्या आठवड्यात बॉनेटवर फिरवला. धुऊनही त्यात बारीक खर राहिलेली. चरे तिथूनच आले असणार. मी हे हसत हसत सांगितलं, तुम्ही हसला नाहीत, आणि विषय संपला.

गुरुवारी सकाळी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत माझेच टॉवेल, जे तुम्ही "बघतो जरा" म्हणून नेले होते. सहाही टॉवेलांची लेबलं उसवलेली. कात्रीने कापलेली नव्हेत, कापली की टोचरं खुंट राहतं. टाका टाका उसवलेली. आणि दोन टॉवेलांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके. चिठ्ठी: "लाल खालच्यासाठी." मी टाक्यावरून बोट फिरवलं, गाठ लागेना. उलटवून पाहिलं, तरी नाही. गाठ तुम्ही लवेच्या आत बुडवली होतीत, गाडीला लागू नये म्हणून.

काका, मी दारात उभी राहून रडले. टॉवेलासाठी कोण रडतं? पण गेल्या वर्षभरात बँकेत, गॅरेजमध्ये, त्या दुकानात, प्रत्येकाने मला गाडीबद्दल काही सांगायच्या आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघितलं. तुम्ही मी काय बोलते तेवढं ऐकलंत. आणि कुणीही बघणार नाही अशी गाठ आत लपवलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने नाही झाले तुमच्या डोळ्याचं, काकूंनी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, रात्री दिव्याखाली बसले होते, म्हटलं झोपा, तर म्हणाले, मागावरचं कापड दोष ठेवून पुढे जाऊ द्यायचं नसतं.

चांगुलपणा म्हटला की आपण काय काय मोठं डोळ्यासमोर आणतो. देणगी, रक्तदान, पुरात धावून जाणारे. ते आहेच. पण मला वाटतं, कामाची माहिती असलेल्या माणसाने ती न मिरवता दुसऱ्याच्या हाती देणं, समोरच्याला बावळट न ठरवता, हे फार कमी मिळतं. त्या चकाचक दुकानातल्या माणसाकडेही माहिती होतीच की. त्याने ती पॉलिशच्या साडेचार हजारांसाठी राखून ठेवली.

बॉनेटवरचे जुने चरे आहेत तसेच आहेत. नवे दिसत नाहीत. टॉवेल मी वेगळे धुते, कंडिशनर नाही, सुती कपड्यांत नाही, सावलीत वाळत. कामवाल्या मावशींनी परवा लाल टाक्याचा टॉवेल ओट्यासाठी घेतला होता. मी ज्या वेगाने धावले ते बघून त्या अजून हसतायत.

आईला सगळं सांगितलं. तिने सोलापूरहून दोन टॉवेल पाठवलेत, एक तुम्हाला, एक काकूंना. अंगासाठी आहेत, पत्र्यासाठी न्हवं. संध्याकाळी घेऊन येते. किनार मात्र उसवायची नाही, आई विचारणार आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची काळी गाडीवाली