अठरा पूर्ण होईपर्यंत स्कूटरची किल्ली घरीच ठेवा

अभ्यासिकेच्या सर्व सभासदांना आणि पालकांना नमस्कार.

मंगळवारी संध्याकाळी आपल्या फाटकाशी अकरावीतली तीन मुलं एकाच स्कूटरवरून घसरली. थोडक्यात निभावलं. एकाचं कोपर सोलवटलं, चष्मा फुटला, जर्नलची पानं रस्त्यावरच्या वाळूत पसरली. ती गोळा करताना त्याचे हात थरथरत होते आणि तोंडून पहिलं वाक्य आलं, "काका, घरी सांगू नका." ते मला फार लागलं.

मुलांनो, इथे तुमची हजेरी कोणी घेत नाही, रात्री कुलूपही तुम्हीच लावता. तो विश्वास तुम्ही कमावलाय आणि तो तसाच राहील. पण रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो.

पालकांनो, मोटार वाहन कायद्यातलं २०१९ साली आलेलं कलम १९९अ कृपया वाचा. अल्पवयीनाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. "सोळाव्या वर्षी मिळतं की" असं काहीजण म्हणतात; ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. घरोघरी असलेली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही.

सोमवारपासून लायसन्स दाखवल्याशिवाय आवारात गाडी लावता येणार नाही. कडुनिंबाखालची जागा सायकलींसाठी मोकळी केली आहे. रात्री उशीर होणाऱ्यांनी घरी आधी कळवावं, सोबतीची सोय आपण करू.

– व्यवस्थापक