एकमेकांची पुस्तकं वाचा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पुस्तकांचं पार्सल काल कुरिअरने पाठवलंय. चिपळूणला पोचलं की कुणाकडून तरी वर आणून घ्या. खोकं जड आहे, बाबांनी ते घेऊन जिना चढायचा नाही. २०२१ च्या पुरात खालचं कपाट गेलं तेव्हापासून ते पुन्हा भरायचं माझ्या मनात होतं. पण गेलेली पुस्तकं नुसती विकत आणून रांगेने लावायची नव्हती. प्रत्येक पुस्तक आधी मी वाचायचं आणि मगच तुमच्याकडे पाठवायचं, असं ठरवलं. म्हणून एवढा वेळ गेला.

एक अट आधीच सांगून टाकते. आपल्याकडे बाबांचा कप्पा वेगळा आणि आईचा वेगळा. बाबांकडे चरित्रं, इतिहास, विज्ञान. आईकडे कथा, कविता, दिवाळी अंक. इतकी वर्षं एका घरात राहून तुम्ही एकमेकांच्या कप्प्याला हात लावलेला मला आठवत नाही. या वेळी अदलाबदल करायची. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तिला बारीक टाइप वाचायला नको, तेव्हा दुपारी बाबांनी मोठ्याने वाचायचं. बाबा, तुम्ही शाळेत वर्गाला धडा वाचून दाखवायचात ना, तसंच.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून, त्यांच्या आत्मचरित्रापासून करा. आईची जुनी प्रत चिखलात गेली, तिचं तिला किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय. लहानपणी ती त्यातले मजेचे प्रसंग सांगायची आणि आपण हसायचो. आता सलग वाचताना मला हसू आलंच, पण मधे मधे पुस्तक मिटून बसावं लागलं. १८९५ मध्ये त्यांचे नवरे, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. पदरी लहान मुलगा, भोवती सगळे सोवळ्यातले नातेवाईक, आणि नवरा जिवंत असून घरात नाही. पुढे ती टिळकांकडे परत जाते, पण आपला धर्म सांभाळून. वेगळी चूल मांडते. आणि मग हळूहळू, कुणाच्या आग्रहाने नाही तर स्वतः विचार करून, तिला उमगतं की हा जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नाही. त्यानंतर ती कुणाच्याही हातचं खायला लागते. १९०० साली बाप्तिस्मा घेते तोही स्वतःच्या मनाने. ही बाई शाळेत गेलेली नव्हती. बाबा, तुम्ही थोरामोठ्यांची एवढी चरित्रं वाचलीत, पण इतक्या सरळ भाषेत स्वतःचं मन बदलताना दाखवणारं माणूस मला त्यांतल्या फारशा कुणात भेटलेलं नाही. टिळकांचा तापट, उधळा स्वभाव ती जराही झाकत नाही, आणि तरी पानोपानी त्यांच्यावरचा जीव दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कशा मावतात, ते वाचताना बघा.

आईसाठी जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ आहे. हे बाबांच्या कप्प्यातलं, म्हणून आई उघडणार नाही हे मला माहीत आहे. आई, यात गणित कमी आणि घर जास्त आहे. बनारसला लहान जयंताच्या घरी फळा होता. त्याचे मोरूमामा त्यावर एखादं अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत पुसायचं नाही. कुणी रागावत नाही, कुणी उत्तर सांगत नाही, गणित आपलं फळ्यावर राहतं. मुलांना शिकवायची याहून चांगली पद्धत मी ऐकलेली नाही, आणि मी पोरांसाठी स्वयंपाकघराच्या दारावर एक छोटा फळा लावलासुद्धा.

नारळीकरांची ती कथास्पर्धेची हकीकत बाबांनी आईला सांगावी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी आपल्या हाताने उतरवली. केंब्रिजला नावाजलेला, मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतला प्राध्यापक, आणि त्याला आपली गोष्ट आपल्या नावाशिवाय उभी राहते का हे बघायचं होतं! तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. मंगलाबाई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात. हे सगळं आठवून मी ती कथा पुन्हा वाचली. बाबा, गोष्टी वाचण्यात वेळ कशाला घालवायचा असं तुम्ही नेहमी म्हणता. आपल्या काळातल्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला गोष्ट लिहिण्यात वेळ घालवावासा वाटला, याचा विचार कराच.

दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ही ठेवलंय. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्या महिन्यात असाल त्या महिन्याचा लेख काढून गच्चीत बसून वाचा. नारायण धारपांच्या समर्थकथा, म्हणजे समर्थ नावाच्या नायकाच्या भयकथा, बाबांसाठी मुद्दाम घेतल्या होत्या, पण त्या पाठवल्या नाहीत. समर्थ आले की भीती संपते, कारण शेवटी तेच जिंकणार हे ठरलेलं असतं. मला भयकथेत एवढी खात्री नको वाटते.

‘बलुतं’बद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ चं, म्हणजे तुमच्या लग्नाच्या आसपासचं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे माणूस स्वतःलाच समोर बसवून बोलतो. मुंबईचा कावाखाना, गावचा महारवाडा, शिकून नोकरीला लागल्यावरही पाठ न सोडणारी लाज, सगळं तो सांगतो. स्वतःच्या घरचं, स्वतःच्या वागण्यातलं वाईटही लपवत नाही. वाचून झाल्यावर मला झोप लागली नाही. आपल्या गावच्या घराच्या मागच्या दारी भात घ्यायला कोण यायचं, ते कुठे उभं राहायचं, आजी त्यांना कशात वाढायची, हे मला बाबांना विचारायचंय. फोनवर नको, समोर बसून. बाबा, तुम्ही तेव्हा मोठे होतात, तुम्हाला आठवत असणार.

शेवटी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, महाभारतातल्या माणसांवरचं. हे कुणाच्या कप्प्यात ठेवायचं ते मला कळलं नाही, म्हणून दोघांचं. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला सुरू झालेलं ते काम १९६६ ला पुरं झालं. त्या आवृत्तीचा आधार धरून, नंतर चिकटलेलं बाजूला ठेवून, इरावतीबाई एकेका माणसाकडे बघतात. भीष्माच्या वयाचासुद्धा हिशेब मांडतात! बाबांना हे आवडेल. पण गांधारीवरचा लेख हिशेबाचा नाही. युद्ध होऊन गेलंय, मुलं मेलीत, आणि वनात म्हातारा धृतराष्ट्र म्हाताऱ्या गांधारीशी पहिल्यांदा मोकळं बोलतो. तुला फसवून या घरात आणलं, हे कबूल करतो. आणि तू डोळे बांधलेस त्यात मुलांवर तुझी नजर कधी पडली नाही, हेही बोलून दाखवतो. मग तो तिला पट्टी सोडायला सांगतो. पातिव्रत्याची गोष्ट म्हणून लहानपणापासून ऐकलेली ती पट्टी इथे एका रागावलेल्या मुलीची पट्टी होते. मला धृतराष्ट्राची दया येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण आली.

हा लेख तुम्ही दोघांनी एकत्रच वाचा, एका बैठकीत. आणि मला कळवा: आई, गांधारीने पट्टी बांधली ते तुला पटतं का? बाबा, धृतराष्ट्राने हे बोलायला इतका उशीर का केला असेल? उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांना न दाखवता, आणि एकाच पाकिटात घालून पाठवा.

तुमची,
सुमी