रांगेतली माणसं मेंढरं नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बँकांवरचा लेख सोमवारी वाचला (तुमचा अंक बडोद्याला दुसऱ्या दिवशी पोचतो) आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. लेख चांगला आहे. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांना २०२२ चं नोबेल कशासाठी मिळालं ते मला पहिल्यांदा नीट समजलं. पण शेवटी जी चौकट टाकलीय, 'अफवेमागे धावणारी मेंढरं', आणि तिच्यात पैसे काढायला बँकेसमोर रांग लावणाऱ्यांना मेंढरं म्हणून २००१ च्या गुजरातचं उदाहरण दिलंय, ती कुणी लिहिली? त्या रांगेत माझे बाबा उभे होते.

मार्च २००१. भूकंपाला दीड महिना होत आलेला, माणसं आधीच धास्तावलेली, त्यात अहमदाबादची माधवपुरा बँक शेअर दलाल केतन पारेखच्या व्यवहारात अडकल्याची बातमी आली. आमची बँक वेगळी होती, छोटी, सहकारी, नाव लिहीत नाही. तेव्हा खातं उघडायला इंट्रोड्युसरची, म्हणजे ओळख देणाऱ्या जुन्या खातेदाराची, सही लागायची आणि आमच्या वाड्यातल्या निम्म्या लोकांची खाती शेजारच्या एकाच काकांच्या सहीवर उघडलेली. एक दिवस सकाळी सहाला काकांनी कडी वाजवली, म्हणाले, "मी पासबुक घेऊन निघालोय, तुमचं काय ते बघा." नऊच्या आत अख्खा वाडा बँकेसमोर.

आता सांगा, ज्या माणसाच्या शब्दावर तुम्ही पैसे ठेवलेत तोच काढायला निघाला तर तुम्ही घरी बसून चहा प्याल का? याला अफवा म्हणायचं?

माझी भाची एम.कॉम. करतेय, तिने मला यावरचा एक रिसर्च पेपर काढून दिला आणि दोन संध्याकाळी बसून समजावला. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांचा, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू मध्ये २०१२ साली छापलेला. आपल्याच देशातल्या एका सहकारी बँकेचा आहे, शेजारची मोठी बँक बुडाल्यावर हिच्या दारात रांग लागली तेव्हाचा, कुणी किती वाजता पैसे काढले ते मिनिटामिनिटाच्या हिशोबाने तपासलेलं. त्यात चक्क इंट्रोड्युसर आहे! ज्यांच्या ओळखीच्या जाळ्यातले लोक काढायला लागले ते स्वतःही काढण्याची शक्यता जास्त. ठेवींच्या विम्याच्या (बँक बुडाली तर ठेवीदाराला त्यातून पैसे मिळतात) मर्यादेच्या वर ज्यांचे पैसे होते ते जास्त निघाले. आणि ज्यांचा बँकेशी जुना संबंध, ज्यांचं तिथे कर्ज, ते जास्त थांबले. यात मेंढरासारखं काय आहे, प्रत्येकाने आपल्या जवळ होती त्या माहितीवर निर्णय घेतला. डायमंड-डिबविग यांच्या १९८३ च्या पेपरचा गाभाही हाच ना, की बँकेचे पैसे लांब मुदतीच्या कर्जात गुंतलेले असतात, सगळे एकदम आले तर पुरत नाहीत, मग बाकीचे निघालेत म्हटल्यावर आपणही निघणं हे शहाणपणाचंच असतं. तुमच्याच लेखात पान तीनवर हे लिहिलंय आणि पान चारवर मेंढरं!

बाबा मात्र थांबले. रिटायर शिक्षक, एक लाख चाळीस हजारांची एफडी, पावती साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत घालून खिशात ठेवलेली. अकरा वाजता मॅनेजर बाहेर आला. तो बाबांचा विद्यार्थी. त्याने रांगेत छाशचे ग्लास फिरवले, बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, मुदतीआधी मोडलीत तर व्याज जाईल, माझ्यावर विश्वास ठेवा." बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, आपला मुलगा आहे तो, खोटं बोलणार नाही. आठ दिवसांनी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, खात्यामागे हजारच रुपये काढता येणार. तेव्हा विम्याची मर्यादा एक लाख आणि तेही बँक लिक्विडेशनमध्ये गेल्यावरच, म्हणजे ती कायमची गुंडाळायला काढल्यावरच, मिळायचे, आम्हाला यायला पाच वर्षं लागली. वरचे चाळीस हजार आलेच नाहीत. त्या बँकेतल्या दोन क्लार्कनी आपल्या ठेवी आधीच काढल्या होत्या हे नंतर कळलं. (अय्यर-पुरी यांनी निकोलस रायन यांच्याबरोबर २०१६ मध्ये दुसरा पेपर लिहिला, त्यात हेच आहे, बँक खरोखरच कच्ची असते तेव्हा एरवी थांबणारे तिचे कर्मचारी आणि कर्जदार ठेवीदारच जास्त निघतात.) शेजारच्या काकांचे सगळे पैसे वाचले. बाबा शेवटपर्यंत त्यांच्याशी आणि त्या मॅनेजरशीही नीट बोलत राहिले, मला ते जमलं नाही.

आणि एक विचारते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले, ते मुख्यतः स्टार्टअप कंपन्यांनी आणि फंडवाल्यांनी फोनवरून काढले. त्या दिवसाबद्दल तुमच्या लेखात 'ठेवीदारांची सावध प्रतिक्रिया' असे शब्द आहेत. धोतर नेसून उन्हात उभा राहिला तो मेंढरू आणि मोबाईलवरून काढले तो सावध. हे मला फार लागलं.

त्या चौकटीच्या जागेत लोकांच्या उपयोगाचं लिहिता आलं असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा पाच लाखांचा आहे, त्याआधी १९९३ पासून सत्तावीस वर्षं तो एक लाखावरच होता. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज धरून, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलेत तरी एकत्रच मोजतात. आमच्या भिशीतल्या बारापैकी नऊ बायकांना शाखेचं माहीत नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे आहेत. बाबांच्या वेळी एवढं असतं तर आईने पाच वर्षं दर महिन्याला त्या बँकेच्या पायऱ्या चढल्या नसत्या.

जाता जाता, माझ्या मागच्या पत्राखाली तुम्ही 'वडोदरा' छापलंत. मी बडोदे लिहून पाठवलं होतं. चार पिढ्या इथे मराठी बोलतोय, मराठी पेपरात तरी गावाचं मराठी नाव राहू द्या.

चौकटीतला तो शब्द मागे घ्या. दिलगिरीची एक ओळ पुरे, पण छापा. आई अजून रोज सकाळी तुमचा पेपर वाचते.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे