भाविकांना जाब कशासाठी?

ऑस्ट्रेलियातील ज्यूविरोधी हल्ल्यांवरील अग्रलेख वाचला. हे हल्ले म्हणजे गाझातील युद्धावरचा लोकांचा उत्स्फूर्त संताप, हे त्यातील मत पटले नाही. ६ डिसेंबर २०२४ रोजी पहाटे मेलबर्नमधील अदास इस्रायल सिनेगॉग पेटवण्यात आले, तेव्हा आत प्रार्थनेसाठी आलेली माणसे होती. ती कशीबशी बाहेर पडली. नाझी छळातून वाचलेल्यांनी उभे केलेले हे प्रार्थनास्थळ! नेतान्याहू सरकारचा निषेध जरूर व्हावा. गाझातील बालकांचे मृत्यू मलाही अस्वस्थ करतात. पण त्याचा जाब मेलबर्नच्या भाविकांना का? शिवाय या जाळपोळीमागे इराणचा हात असल्याचे सांगत ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२५ मध्ये इराणच्या राजदूताची हकालपट्टी केली. अग्रलेखात याचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक, ठाणे