ब्लॅकबर्नहून बंड्यास

ब्लॅकबर्न, १६ मे २०१२

प्रिय बंड्या,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच. संक्रांतीनंतर माझी ओळ नाही, फोन दोनच, आणि तेही तू पोल्ट्रीच्या शेडवर असताना. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आईकडून कळलं. माझी पाठ आहे तशीच. ही बरी आहे, चिमीचे पुढचे दोन दात पडलेत. झाला तब्येतीचा रकाना भरून.

आमचा फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, खालच्या लीगमध्ये गेला. ते तुला कळलं असेलच, पुण्याच्या पेपरांत आलं असणार. ते सांगायला लिहीत नाहीये. मैदानात कोंबडी आली होती, ते सांगायचंय. इथे कुणाला सांगायला गेलो तर हसतो किंवा चिडतो. हिला सांगितलं, तर म्हणाली, "मग पकडली का?" हा प्रश्न बरोबर आहे, पण तो तुझा आहे, तिचा नाही.

सात तारखेचा सोमवार, इथे बँकांना सुट्टी होती. मॅच रात्री आठची, समोर विगन. हरलो तर संपलं, अशी गोष्ट. पाऊस असा की रिव्हरसाइड स्टँडच्या पुढच्या ओळींत छप्पर असून नसल्यासारखं. मी आणि आमचा म्हातारा नेहमीच्या जागी. (म्हाताऱ्याबद्दल मागच्या पत्रात लिहिलंय, वॉकरच्या पोलादाच्या कारखान्यात होता तो. इथली जुनी माणसं प्रेमाने समोरच्याला 'कॉक' म्हणतात, म्हणजे कोंबडाच की! गेली सहा वर्षं तो मला कोंबडा म्हणतोय आणि मी ऐकून घेतोय.) मॅच जेमतेम सुरू झाली होती. कुणीतरी आमच्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी आत सोडली. अख्खं ईवुड पार्क मैदान ओरडायला लागलं. कुणी हसत होतं, कुणी मालकांच्या नावाने बोंब मारत होतं.

आणि मी काय केलं सांगू? तोंडातून "ती ती ती ती" निघालं. नानांच्या शेडवर घालायचो तशी साद. माझं लक्ष मॅचवर नव्हतंच. मी बघत होतो की भिजलीय, घाबरलीय, पंख बांधलेत, अशी आणखी दहा मिनिटं ठेवली तर ही मरेल. तू पहिलं हेच विचारशील म्हणून सांगतो, लेअर (अंड्यांची) होती की ब्रॉयलर (मांसाची) ते त्या झेंड्यात आणि पावसात कळलं नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. म्हणाला, "तुमच्याकडची ना?"

तुमच्याकडची. बंड्या, हे दोन शब्द मी नऊ दिवस चघळतोय.

कारण चूक माझीच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या व्यंकीज कंपनीने क्लब घेतला, दोन कोटी तीस लाख पौंडांना, तेव्हा मी ओळीत सगळ्यांना बाकरवडी वाटली होती. माझ्या गावची माणसं! इंग्लंडच्या वरच्या लीगमधला क्लब घेणारे पहिले भारतीय, आणि तेही पुण्याचे! दुकानात गिऱ्हाइकांना औषधाच्या पुडीबरोबर सांगत होतो की हे साधेसुधे लोक नाहीत, डॉ. बी. व्ही. रावांचं घर आहे. अंड्याचा भाव शेतकऱ्याने ठरवायचा, हे त्यांनी आपल्याकडे करून दाखवलं. 'संडे हो या मंडे' सुद्धा इंग्रजीत समजावून सांगितलं, चालीसकट. ते खोटं नव्हतं. नानांची पहिली पाचशे पिल्लं कुठून आली होती ते मला माहीत आहे, आणि तुझं इंजिनिअरिंग कशावर झालं तेही. (पूर्ण झालं नाही, ती गोष्ट वेगळी.)

तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला होता, "बघू." त्याचं सगळं जॅक वॉकरवर. वॉकर इथलाच, लाखभर वस्तीच्या या गावातला. पोलादात मिळवलं आणि क्लबात ओतलं. १९९५ मध्ये शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला हरूनही आम्ही लीग जिंकली, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमकडे बरोबरी पत्करावी लागली. म्हातारा त्या दिवशी लिव्हरपूलला होता. आमच्या शिअररने त्या वर्षी ३४ गोल केले होते. परवाच्या रविवारी मँचेस्टर सिटी जिंकली तोवर १९९२ पासूनच्या लीगचे विजेते चारच क्लब होते आणि त्यांतले एक आम्ही. कापडगिरण्या बंद पडलेल्या गावाने हे केलं, म्हणजे सोलापूरने रणजी जिंकण्यासारखं आहे.

तर बाकरवडी संपायच्या आत, १३ डिसेंबरला मॅनेजर अॅलर्डाइसला काढलं. संघ तेरावा होता. तेराव्याला कुणी काढतं? आणि आणलं कुणाला, तर त्याच्याच हाताखालच्या स्टीव्ह कीनला. मी तेव्हाही म्हाताऱ्याला सांगितलं, "यांना धंदा कळतो, थांबा." मग रोनाल्डिन्होला आणणार अशी आवई उठली. तो गेला ब्राझीलला. पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला ३-२ हरवून कसेबसे वाचलो आणि मी पुन्हा म्हणालो, "बघा."

तुझं-माझं भांडण त्याच्या पुढचं. दसऱ्याला मी आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी रोव्हर्सच बालेवाडीत, पुणे एफसीशी मैत्रीचा सामना. आदल्या शनिवारी सिटीने आम्हाला घरच्या मैदानावर ४-० धुतलं होतं, आणि हे आठ दिवसांच्या आत पुण्यात! मी निळा-पांढरा मफलर घालून, ऑक्टोबर हीटमध्ये. तू सगळा वेळ गवताकडे बघत होतास आणि याला पाणी किती लागत असेल ते विचारत होतास. पार्किंगमध्ये तू म्हणालास, "पक्या, चालू बॅचमध्ये माणूस बदलू नये. खाद्य बदल, पाणी बदल, पण हात बदलू नये. पिल्लं दचकतात." आणि मी म्हणालो की तुला फुटबॉलमधलं घंटा कळत नाही, सगळ्या जगाला शेड समजू नकोस. दिवाळीपर्यंत अबोला. वहिनींनी फराळ पाठवला नसता तर अजून चालला असता.

मान्य, तू बरोबर होतास. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. पण त्याच दमात तू पिल्लांना ऊब देणाऱ्या बल्बची गोष्ट उकरून काढलीस, ती चूक. त्या रात्री बल्ब मी विझवला नव्हता. लाइट गेली होती. वीस वर्षं सांगतोय.

ती रात्र आठवायचं कारणही सोमवारच आहे. थंडी लागली की पिल्लं कशी कोपऱ्यात गोळा होतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात? शेवटच्या पंधरा मिनिटांत आमचा बचाव तसाच दिसत होता. सगळे गोलपुढे, एकमेकांना चिकटून. त्यात जुनी माणसं नव्हती. फिल जोन्स उन्हाळ्यातच युनायटेडला विकला, नेल्सन जानेवारीत गेला, साम्बा फेब्रुवारीत रशियाला. जो तो शेड सोडून चाललेला. ८७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, विगनच्या अल्काराझने डोक्याने आत घातला. झालं. अकरा वर्षं वरच्या लीगमध्ये होतो.

शेवटचा हिशेब, ३८ सामन्यांत ८ विजय, २३ पराभव, ३१ गुण, शेवटून दुसरे. ७८ गोल खाल्ले. आर्सेनलने एका दुपारी सात घातले. आणि तरीही याकुबू नावाचा एक माणूस १७ गोल करून गेला! बाकीच्या संघाने त्याला अर्धीही साथ दिली असती तर आज मी तुला पत्र लिहिलं नसतं, तू सुटला असतास.

एकच दिवस होता, ३१ डिसेंबर. युनायटेडच्या मॅनेजरचा, फर्ग्युसनचा, सत्तरावा वाढदिवस, त्याच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर, आणि आम्ही तळाला. ३-२ जिंकलो. याकुबूचे दोन, आणि शेवटचा हॅन्ली नावाच्या वीस वर्षांच्या पोराचा. मी तुला फोन केला, रडत होतो. तू म्हणालास, "थर्टीफर्स्टची गाडी भरतेय, तीन हजार पक्षी उचलायचेत, ठेव." बंड्या, हे मी विसरणार नाही.

अजून एक ऐक. क्लबच्याच एका मोठ्या अधिकाऱ्याने डिसेंबरमध्ये मालकांना पत्र लिहिलं होतं म्हणे, की मॅनेजर बदला. ते पत्र मागच्या आठवड्यात बाहेर आलं आणि त्या अधिकाऱ्यालाच घरी बसवलं. पत्रं लिहून काय होतं ते बघ. म्हणून मी तुला कमी लिहितो.

मला राग नेमका कुणाचा येतोय ते कळत नाही. कीनचा म्हणावा, तर त्याला हंगामभर हजारो लोक तोंडावर शिव्या घालत होते आणि तो उभा होता. मालकांचा म्हणावा, तर पैसा त्यांचा बुडाला, माझा नाही. बहुतेक वेळा माझाच येतो. दीड वर्ष मी फुटबॉल बघतच नव्हतो, पुणं बघत होतो. बोल्टनविरुद्ध हरलो त्या रात्री सगळी ओळ उभी राहून 'कीन आउट' म्हणत होती आणि मी एकटा बसून होतो. गावची अब्रू म्हणून. म्हातारा खाली वाकून म्हणाला, "ऊठ, कोंबड्या, निदान पाय तरी मोकळे कर." तेव्हाही उठलो नाही.

आता दुकानात आमच्याकडे एक बर्नलीचा आहे. बर्नली म्हणजे इथलं शेजारचं गाव, सात जन्मांचं वैर. ते खालच्या लीगमध्ये, आणि पुढच्या हंगामात आम्हीही त्यांच्यात. त्याने मंगळवारी गल्ल्याशेजारी रबरी कोंबडी ठेवली. दाबली की ओरडते. खोकल्याचं औषध न्यायला येणारा प्रत्येकजण दाबून जातो.

तुझं सांग. मर किती यंदा उन्हात? फॉगर बसवलेस की नानांनी पुन्हा पोतीच टांगली? पाण्याचं वाचून काळजी वाटते, टँकर किती दिवसांनी येतो? धाकट्याचं पाचवीचं झालं का? आणि गांगुलीला आयपीएलसाठी पुण्यात आणून काय मिळवलंत ते एकदा समोरासमोर विचारायचंय. आपल्या गावाने यंदा खेळात हातच घालायला नको होता.

सीझन तिकिटाचा फॉर्म टेबलावर पडलाय. ही म्हणते, त्या पैशात चिमीला पोहायला घाल. मी म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही घेणार का. तो म्हणाला, १९९९ मध्ये खाली गेलो होतो तेव्हा घेतलं होतं, आता गुडघे तेव्हासारखे नाहीत. मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, तुझ्या त्या कोंबडीवाल्या मित्राच्या शेडमध्ये रोग शिरला तर तो काय करतो? मी सांगितलं, शेड रिकामी करतो, चुना मारतो, पंधरा दिवस नुसती ठेवतो, मग नवी पिल्लं. म्हातारा म्हणाला, "पंधराच दिवस?"

खरंच पंधराच ना रे? मी आठवणीने सांगितलं. चूक असेल तर कळव, त्याला सुधारून सांगतो. फॉर्म तोवर तसाच ठेवतो.

नानांना नमस्कार, वहिनींना पण.

तुझा,
पक्या

ता. क. आई जूनमध्ये येणाऱ्या कुणाबरोबर तरी बाकरवडी पाठवतेय म्हणे. तिला थांबव. काहीही कारण सांग.