माईंच्या दाराला अडसर हवा

मुलुंड (पूर्व), मुंबई
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "माई ठीक आहेत ना?" आणि मी तीनदा हो म्हणालो. माई ठणठणीत आहेत. पण पार्ल्याच्या तुमच्या घरी त्या एकट्या राहतात, आणि काल त्यांचं दार बघून मला रात्री झोप लागली नाही. ते फोनवर सांगून तुला पटलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्याकडे गणपतीत घरफोडी झाली, ते तुला तुटक तुटक ठाऊक आहे. आज नीट सांगतो, कारण त्यातली एकेक गोष्ट मला काल पार्ल्याला तुमच्या घरात पुन्हा दिसली.

गौरी-गणपतींचं विसर्जन करून आम्ही गुहागरहून परतलो ते पहाटे साडेपाचला. जिन्यातला दिवा गेलेला. सुनीता पुढे होती. ती मजल्यावर पोचली आणि नुसतं "अहो" म्हणाली. दार लोटलेलं होतं. खाली पायपुसण्यावर बाबांच्या वेळचं जाडजूड गोदरेजचं कुलूप पडलं होतं, कोयंड्यासकट. कुलपाला साधा ओरखडाही नव्हता. आजही किल्ली लावली की ते सुरळीत उघडतं.

"कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी ऐवज लंपास केला" हे वाक्य आपण पेपरात लहानपणापासून वाचतोय. पण त्याचा अर्थ मला त्या पहाटे कळला. चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही. कटावणी घालतो ती कोयंड्याच्या पट्टीखाली. माझा कोयंडा चार स्क्रूंवर होता, प्रत्येक स्क्रू जेमतेम पाऊण इंचाचा, आणि तोही चाळीस पावसाळे खाल्लेल्या लाकडात. एक हिसका दिला की सगळं हातात. नाइट लॅच होता, पण निघायच्या घाईत मी दार नुसतं ओढून घेतलं होतं. ओढून लागते ती लॅचची तिरकी जीभ स्प्रिंगवर असते, फटीतून पातळ पट्टी सरकवली की मागे जाते. बाहेरून किल्ली पूर्ण फिरवली असती तर ती जीभ अडकून बसली असती. गाडी चुकेल म्हणून मी ते केलं नाही.

आईच्या पाटल्या गेल्या, विनू. चार तोळ्यांच्या. तू त्या बघितल्यास, गिरगावच्या खोलीत ती पोळ्या लाटायची तेव्हा पोळपाटावर वाजायच्या त्या. बाकी चांदीचं ताम्हन, थोडी रोकड, मुलाचा जुना लॅपटॉप. त्याचं मला काही वाटत नाही.

पुढची चूकही माझीच. पोलिसांना फोन करण्याआधी मी आत गेलो, कपाट उघडलं, खण चाचपले, कपडे उचलून पलंगावर ठेवले. ठसे घ्यायला माणूस आला तेव्हा सगळीकडे माझीच बोटं. तेव्हा हे लक्षात ठेव आणि माईंनाही सांग: दार उघडं दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही. आत कोणी असूही शकतं. शेजाऱ्याकडे जायचं, ११२ लावायचा आणि पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती हक्काने घ्यायची. आपण पेपरात वाचायचो ती जुन्या दंड संहितेची कलमं, ४५७ आणि ३८०, आता राहिली नाहीत. १ जुलै २०२४ पासून घरफोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ लागतं आणि घरातल्या चोरीला ३०५.

जबाब घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "पाटल्यांचा फोटो आहे? पावती?" पावती कुठली, १९६८ सालचं सोनं ते. एका लग्नातल्या फोटोत आईचा हात अर्धा दिसतो, तेवढाच दिला. माईंच्या सगळ्या दागिन्यांचे मी येत्या भेटीत फोटो काढून घेणार आहे, बाजूला पट्टी ठेवून, आणि वजनं लिहून. माल सापडला तरी तो आपला आहे हे दाखवावं लागतं.

विम्याचंही सांगतो, कारण तूही तीच पॉलिसी घेतल्याचं म्हणाला होतास. 'भारत गृह रक्षा' ही २०२१ च्या एप्रिलपासून आलेली साधी घरविम्याची पॉलिसी. आग, पूर, भूकंप यांना उत्तम. पण चोरीची भरपाई तिच्यात कधी मिळते, तर अशा एखाद्या आपत्तीमुळे घर उघडं पडलं आणि त्यापायी सात दिवसांच्या आत चोरी झाली तर. नुसत्या घरफोडीला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ज्याने मला पॉलिसी विकली त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं, आणि मीही कागद वाचले नव्हते. तू आज रात्री तुझे कागद काढून बघ.

माईंचं सोनं लॉकरमध्ये जावं असं माझं ठाम मत आहे. मात्र लॉकरही डोळे मिटून नको. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या माणसाची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावाने त्यात सोनं किती येतं तूच बघ. तरीही घरातल्या लोखंडी कपाटापेक्षा ते बरं.

आता माझ्या डोक्यात जे घोळतंय ते. गुहागरच्या घराला पुढच्या दाराला अडसर आहे. सागवानी, मनगटाएवढा जाड. दिवसा तो भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवतात, रात्री बाहेर ओढून दारावरून पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत घालतात. बाहेरून चार माणसांनी रेटा दिला तरी जोर स्क्रूवर येत नाही, लाकडावरही फारसा येत नाही, तो थेट भिंतीत जातो. त्या आठ रात्री मी त्या अडसरामागे निर्धास्त झोपलो होतो आणि इकडे माझं मुंबईचं घर पाऊण इंचाच्या स्क्रूंवर लटकत होतं. परत आल्यावर मी सुताराला एवढंच म्हटलं, जोर भिंतीवर गेला पाहिजे.

त्याने काय केलं ते सांगतो, तेच माईंकडे करायचंय. दार जुनं पोकळ फ्लशचं होतं, ते काढून भरीव बसवलं. कोयंडा आरपार बोल्टांनी कसला, बाहेर नुसती गोल गुळगुळीत डोकी, नट आतल्या बाजूला, मागे लोखंडी पट्टी. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते तिला चौकट ओलांडून भिंतीत रुततील एवढे लांब स्क्रू लावले. चौकट मुळात भिंतीला धरून आहे का तेही बघितलं. डावीकडे खाली वाळवीने भुसा केला होता, वरून रंग होता म्हणून कळत नव्हतं. आणि जीभ आपोआप न लागता किल्लीनेच बाहेर येते असं दुसरं कुलूप छातीच्या उंचीवर. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. त्याची जाळी इतकी बारीक हवी की हात आत घालून कडी काढता येऊ नये, आणि ते उघडलं की जिन्याची वाट अडता कामा नये.

आता तुमचं घर. पुढचं दार माझ्या जुन्या दाराचं भावंड आहे, जास्त लिहीत नाही. मला धसका बसला तो स्वयंपाकघरात. खिडकीची ग्रिल बाहेरून छान पांढरी रंगवलेली. मी हाताने हलवली आणि खालचा कोपरा हलला! ग्रिलचे पाय जिथे भिंतीत शिरतात तिथे पावसाचं पाणी साचतं, आणि आपल्या या खाऱ्या हवेत गंज तिथूनच खातो. वर रंग, आत पापुद्रे. त्या खिडकीपासून हातभर अंतरावर सांडपाण्याचा पाइप, पहिला मजला, खाली कंपाउंडची भिंत. भिंतीवरून पाइप, पाइपवरून छज्जा. न्हाणीघराच्या खिडकीला अजून त्याच काचेच्या पट्ट्या आहेत, एकावर एक सरकवलेल्या. त्या बाहेरून एकेक करून आवाज न करता काढता येतात. मी काढून दाखवल्या. माई म्हणाल्या, "अरे, तिथून कोण शिरणार, मांजर?" मी म्हटलं, मांजराएवढा पोरगा शिरला तरी पुढचं दार आतून उघडून देतो.

नवी ग्रिल म्हटल्यावर त्या चिडल्या. "मला पिंजऱ्यात कोंडू नकोस." त्यांचं चुकलं नाही. सगळीकडून पक्की बंद केलेली ग्रिल मलाही मान्य नाही. पुढच्या दाराशी आग लागली तर धुराने माणूस काही मिनिटांत गुदमरतो, आणि अग्निशमन दलाच्या लोकांना ग्रिल कापत बसावं लागतं. म्हणून हॉलच्या ग्रिलमध्ये माणूस जाईल एवढी उघडणारी खिडकी ठेवायची, तिला आतून कुलूप, आणि त्याची किल्ली आतल्या भिंतीवर खिळ्याला. माईंच्या हाताला अंधारात लागेल, पण बाहेरून कोणाचा हात पोचणार नाही अशी. ग्रिलवाल्याला मी तिथेच उभं करून जागा दाखवली. माईंनी खिळा स्वतः ठरवला, देवघराच्या बाजूला.

दिवाळीनंतर तुमच्या इमारतीची दुरुस्ती निघतेय, हे तुला माहीत आहे का? माईंनी नोटीस दाखवली. म्हणजे चारही बाजूंनी बांबूंची परांची आणि वर हिरवी जाळी. प्रत्येक खिडकीला शिडी लावून वर पडदा सोडल्यासारखं आहे ते. निदान चार महिने. मी सेक्रेटरींना भेटलो, भले गृहस्थ आहेत. त्यांना सांगितलं, ठेकेदाराकडून रोज संध्याकाळी खालच्या थराच्या फळ्या काढून घ्या, मजुरांची नावं आणि फोटो वहीत ठेवा, परांचीवर रात्रभर दिवा हवा. आणि सीसीटीव्ही खरोखर रेकॉर्ड करतो का ते दर महिन्याला मागचा दिवस लावून बघा. आमच्याकडे आठ कॅमेरे होते, पण चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डीव्हीआरची, हार्ड डिस्क कधीची बंद पडलेली. पोलिसांनी मागितल्यावर कळलं. वॉचमनच्या टेबलावर पडद्यावर चित्र दिसत होतं, म्हणून सगळे निश्चिंत.

पण खरं सांगू, माईंच्या बाबतीत मला खिडकीपेक्षा बेलची जास्त भीती वाटते. त्यांच्या वयाच्या बाईकडे चोर पाइपवरून कशाला येईल? तो गॅसची तपासणी करायला येतो, दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणतो. रस्त्यात तोतया पोलीस गाठतात, "पुढे खून झालाय, बांगड्या काढून रुमालात बांधा" म्हणतात आणि रुमालात खडे बांधून देतात. माई कोणालाही पाणी विचारणाऱ्या. त्यांना नाही म्हणायला शिकवणं मला जमणार नाही, आणि शिकवावं असंही वाटत नाही. म्हणून एकच ठरवलंय: सेफ्टी डोअर बंद ठेवून लाकडी दार उघडायचं, बोलणं जाळीतून, आणि आत कोणाला घ्यायचं तर समोरच्या कुलकर्णी वहिनींना हाक मारून. त्या दोघींनी हे हसत मान्य केलं. पोलीस ठाण्यात एकट्या ज्येष्ठ नागरिकांची नोंद होते, ती मी मंगळवारी करून येतो. १०९० हा ज्येष्ठांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवलाय. कामवाल्या मावशी बावीस वर्षांच्या आहेत, म्हणजे तुमच्या घरी. त्यांच्याबद्दल शंका नाही, पण त्यांची जादा किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलेली असते हे अख्ख्या जिन्याला माहीत आहे. ती मी काढून घेतली. मावशींना थोडं लागलं असेल. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, तूही एकदा फोन कर.

गिरगावात आपल्या खोल्यांना दिवसा कडी नसायची. गॅलरीत कोणी ना कोणी निवडत, वाचत, भांडत बसलेलं असायचं, अनोळखी माणूस जिन्यात आला की चार आवाज यायचे, "कोण पाहिजे?" आमच्या मजल्यावर आठ दिवसांत तो प्रश्न कोणीच विचारला नाही. दोष कोणाला देऊ, मीही कोणाला सांगून गेलो नव्हतो. दारात दुधाच्या पिशव्या नव्हत्या, पण पेपर बंद करायचा राहिला होता. आठ पेपरांची चळत दाराशी. आणि सुनीताने गौरीचे फोटो स्टेटसला टाकले होते ते वेगळंच.

सुतार आणि ग्रिलवाला गुरुवारी सकाळी नऊला येतायत. मी रजा टाकली आहे, दिवसभर तिथेच असेन. पैशांचं नंतर बघू. मला तुझ्याकडून एकच उत्तर हवंय: नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या येतील. एक माईंकडे, एक माझ्याकडे. तिसरी तुला कुरिअर करू नये असं मला वाटतं. बंगळूरच्या ड्रॉवरमध्ये ती काय कामाची? कुलकर्णी वहिनींकडे ठेवूया. माईंना विचारलं तर म्हणाल्या, विनूला विचार. बुधवार रात्रीपर्यंत कळव.

वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
शेखर